दाम : मूठभर सळयांचा शब्द

पनवेलच्या बाजारात तांदळाचा ‘दाम’ विचारला जातो, तेव्हा जिभेवर येणारा हा शब्द मूळचा ग्रीक आहे. ‘द्राख्मे’ म्हणजे मूठभर. नाणी पाडण्यापूर्वी ग्रीकांमध्ये मांस भाजण्याच्या लोखंडी सळया मूल्य म्हणून चालत, त्यांपैकी एकीला ‘ओबोलोस’ म्हणत आणि मुठीत मावणाऱ्या सहा सळयांचा एक द्राख्मे होई. पुढे तेच नाव चांदीच्या नाण्याला मिळाले आणि यवनांच्या (म्हणजे ग्रीकांच्या) व इराणी व्यापाऱ्यांच्या हातून भारतात येऊन ते संस्कृतात ‘द्रम्म’, प्राकृतात ‘दम्म’ व मराठीत ‘दाम’ झाले. ‘दमडी’ ही त्याचीच धाकटी लेक.

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राज्यात, ज्यात पनवेलचा परिसर येत असे, द्रम्म हे शेतीच्या उत्पन्नाचेही माप होते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिलाहार राजा अपरादित्याच्या परळ येथील शिलालेखात साष्टीतील एका वाडीच्या उत्पन्नातून 24 द्रम्म देवपूजेसाठी लावून दिलेले आहेत. माड-पोफळीच्या मुलखात ग्रीक मुठीने हिशेब व्हावा, हे नवलच म्हणावे लागेल. अकबराच्या काळी ‘दाम’ तांब्याचा झाला आणि रुपयाला 40 दाम असा हिशेब ठरला. मराठीत मात्र नाणे मागे पडून किंमत हाच अर्थ उरला. व्याज मुद्दलापेक्षा वाढू न देणारा, शेतकरी कुळाला आधार ठरलेला ‘दामदुपटी’चा नियमही याच शब्दाचा, ‘साम-दाम’मधील दाम मात्र मूळचा ‘दान’, तेथे तो मागाहून शिरला.