कर्जरोखेधारकांचे हक्क : अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांची नादारी

कंपनीला दीर्घ मुदतीचे कर्ज देऊन त्याबद्दल रोखा घेणारी व्यक्ती म्हणजे कर्जरोखेधारक. ती कंपनीची धनको असते, मालक नव्हे. म्हणून कंपनी बुडाल्यास भागधारकांच्या आधी तिचे देणे फेडले जावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. ते अमलात आणणे किती बिकट असते, हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रेल्वे कंपन्यांच्या इतिहासावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात तेथील लोहमार्ग मुख्यतः गहाण कर्जरोख्यांच्या पैशावर उभे राहिले. इंग्लंड व नेदर्लंड्समधील गुंतवणूकदारांनीही हे रोखे घेतले. गहाणखत विश्वस्ताच्या नावे असे आणि व्याज थकल्यास मालमत्ता विकून वसुली करण्याचा अधिकार त्यात असे. कागदावर हा हक्क भक्कम होता. परंतु चालू लोहमार्गाचे तुकडे करून विकल्यास हाती येणार ती जुन्या लोखंडाची किंमत. शिवाय वाहतूक बंद पडणे लोकहिताचे नव्हते. त्यामुळे न्यायालये प्रापक, म्हणजेच रिसीव्हर, नेमून गाड्या चालू ठेवीत. वेतनासारख्या अलीकडच्या थकबाकीचा चालू उत्पन्नावर गहाणधारकांच्या आधी हक्क पोहोचतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १८७८-७९ च्या सुमारास मानले. १८८४ मध्ये तर वॉबॅश कंपनीने व्याज थकण्यापूर्वी स्वतःच प्रापकाची मागणी केली आणि तिच्याच वर्तुळातील व्यक्ती त्या जागी नेमल्या गेल्या. धनकोंचे हत्यार असे ऋणकोच्या हाती गेले.

१८९३ च्या आर्थिक अरिष्टात यूनियन पॅसिफिक, नॉर्दर्न पॅसिफिक, सँटा फे अशा बड्या कंपन्या प्रापकांकडे गेल्या. विखुरलेल्या रोखेधारकांच्या वतीने पेढीवाल्यांच्या पुढाकाराने ‘संरक्षक समित्या’ स्थापन होत. रोखे समितीकडे जमा करणाऱ्यांना नव्या कंपनीचे रोखे वा भाग मिळत. बाहेर राहणाऱ्यास लिलावातील बेताच्या किंमतीचा वाटा तेवढा मिळे. भागधारकांकडून नवे भांडवल हवे असल्याने त्यांनाही सामावून घेतले जाई. भरडला जाई तो मधला विनातारण धनको. अशाच एका धनकोच्या दाव्यात, नॉर्दर्न पॅसिफिक वि. बॉइड या १९१३ च्या खटल्यात, धनकोंना डावलून भागधारकांना हिस्सा देता येणार नाही, असा निर्णय झाला.

समित्यांच्या कारभाराची चौकशी पुढे विल्यम डग्लस यांच्या नेतृत्वाखाली झाली. १९३९ च्या विश्वस्त करार अधिनियमाने प्रत्येक रोखेधारकाचा मुद्दल व व्याज वेळेवर मिळण्याचा हक्क त्याच्या संमतीविना कमी करण्यास मनाई केली. यामुळे लहान रोखेधारकाला संरक्षण मिळाले, तसेच अडून बसणाऱ्यालाही बळ आले. न्यायालयाबाहेर तडजोड अवघड झाली. मात्र १९७८ च्या दिवाळखोरी संहितेनुसार न्यायालयात मतदान करणाऱ्या धनकोवर्गाच्या संख्येने निम्म्याहून अधिक व रकमेने दोनतृतीयांश धनकोंची संमती पुरेशी ठरते.

१९३९ च्या तरतुदीचा अर्थ पुढेही वादग्रस्त राहिला. एका शिक्षण कंपनीच्या प्रकरणात २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी असे ठरविले, की ही तरतूद रोखेधारकाच्या दावा करण्याच्या कायदेशीर हक्काचे रक्षण करते. ऋणको कंपनीची मालमत्ता अन्यत्र जाऊन तो हक्क निरुपयोगी होण्यास ती आड येत नाही.