गुरांमागे जाणारी शाळा

मूल शाळेत आलं नाही की दोष कुणाचा? आपलं उत्तर ठरलेलं. आईबाप अडाणी, त्यांना शिक्षणाचं महत्त्व नाही, वगैरे वगैरे. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला मात्र दोन बायकांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली दोघींनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. योगायोग म्हणा, पण त्याच वर्षी, त्याच पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बाईच बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. (तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर.) आजूबाजूला वारल्यांचे पाडे, पावसावरची भातशेती. आई-बाप शेतावर किंवा रानात गेले की तान्हं कुणी सांभाळायचं? थोरल्या बहिणीनं. गुरं कुणी राखायची? थोरल्या भावानं. म्हणजे शाळा बुडते ती आळसानं नाही, घरातल्या कामाच्या वाटणीनं! ताराबाईंनी यावर 'विकासवाडी' काढली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहिणीनं भावंडाला कडेवर घेऊनच यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि आपण वर्गात बसावं.

राहिला गुराखी. त्याच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली, आणि बाई तिथंच शिकवताहेत. मोजायला खडे, बिया, पानं. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं या मुलुखात कुणाला परवडणार होती? मला तर या सगळ्यात कुरणशाळाच जास्त धाडसाची वाटते. इथं शाळेनं नुसती जागा बदलली नाही, आपली घंटाही गुरांच्या वेळेला बांधून घेतली.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, हे काम सोडलं नाही.

१९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. कुरणशाळा मात्र मागेच राहिली. सरकारचंही एका परीनं बरोबर आहे म्हणा. अंगणवाडीत हजेरी घेता येते, मुलांची वजनं लिहिता येतात, खाऊचा हिशेब ठेवता येतो. गुरांमागे पांगलेल्या वर्गाची हजेरी कुठल्या रजिस्टरात मांडणार?