तारेला टांगलेली वजने आणि ऑपेराचा जन्म

ऑपेरा ऐकण्याचा आमचा पहिला प्रयत्न दहा मिनिटांत संपला. प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबणारे आम्ही तिघे. एकाने कुठूनशी ध्वनिफीत मिळवली होती. भाषा कळत नव्हती, त्यात चौघे एकाच वेळी चार निरनिराळ्या ओळी गात होते. कोणाकडे लक्ष द्यावे तेच समजेना. ख्याल ऐकणाऱ्या कानाला एक गायक आणि मागे तंबोरा एवढेच पुरते. ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून आम्ही ती बंद केली.

पुन्हा त्या वाटेला गेलो ते भौतिकशास्त्रामुळे. ताणलेल्या तारेच्या नियमांचा इतिहास वाचताना गॅलिली हे नाव भेटले. पण हा गॅलिलिओ नव्हता, त्याचे वडील विन्चेन्झो होते. फ्लॉरेन्समध्ये ल्यूट हे छेडून वाजवायचे तंतुवाद्य वाजवणारे, शिकवणारे आणि भांडखोर वृत्तीचे गृहस्थ! त्यांचे भांडण प्रत्यक्ष आपल्या गुरूशी, व्हेनिसच्या झार्लिनोंशी होते. सुसंवादी स्वरांचे मूळ १ ते ६ या अंकांत आहे, अशी झार्लिनोंची शिकवण. तारेची लांबी निम्मी केली की तार षड्ज मिळतो, दोन-तृतीयांश केली की पंचम. म्हणजे २:१ हे सप्तकाचे गुणोत्तर आणि ३:२ हे पंचमाचे. इथपर्यंत सगळे ठीक होते.

पण याच्या जोडीला एक जुनी कथा होती. पायथागोरस लोहाराच्या दुकानावरून चालला असता त्याला हातोड्यांचे आवाज सुरात वाटले. वजने केली तर ती १२, ९, ८ आणि ६ या प्रमाणात निघाली. मग त्याने तेवढीच वजने तारांना टांगली आणि तेच सूर मिळाले! सुमारे दीड हजार वर्षे ही कथा एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत राहिली.

विन्चेन्झोंनी वजने खरोखरच टांगली. ताण दुप्पट केल्यावर तार षड्ज मिळाला नाही. त्यासाठी ताण चौपट करावा लागतो आणि पंचमासाठी ९:४, म्हणजे सव्वादोनपट. १५८९ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हा नियम पुढे १६३६ मध्ये मेर्सेन यांच्या ग्रंथात आला. शाळेत सोनोमीटर असेल तर हा प्रयोग एका तासिकेत होतो. अर्ध्या किलोला जो सूर लागेल तो षड्ज धरा आणि वजन एक किलो करा. वर्गात कोणी गाणारे मूल असेल तर ते सांगेल की हा तार षड्ज नाही, तीव्र मध्यमाच्या जवळपासचा सूर आहे. दोन किलो टांगल्यावर तार षड्ज लागेल.

आमच्या मते यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तोच पंचम लांबीने मोजला तर ३:२ आणि ताणाने मोजला तर ९:४. मग ‘पंचमाचा अंक’ म्हणायचा तरी कोणता? अंकात सूर वसतो या कल्पनेलाच त्याने धक्का बसला. या सुमारास गॅलिलिओ वैद्यकाचे शिक्षण पदवीविना सोडून फ्लॉरेन्सला परतला होता आणि गणिताच्या शिकवण्या करत होता. हे प्रयोग त्याने पाहिले असावेत, असे इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांचे मत होते.

हेच विन्चेन्झो ऑपेराच्या जन्मकथेतही आहेत. काउंट जोव्हान्नी बार्दी यांच्या घरी जमणाऱ्या विद्वान आणि संगीतकारांच्या मंडळात ते होते. ग्रीक संगीताचा श्रोत्यांवर इतका प्रभाव पडे, मग आपल्याच संगीताचा का पडत नाही, हा तिथला प्रश्न. रोमचे अभ्यासक जिरोलामो मेई यांनी जुने ग्रंथ धुंडाळून पत्राने कळवले की, ग्रीक लोक एका वेळी एकच धून गात. त्या काळचे इटालियन गायन मात्र चार-पाच आवाजांच्या विणीचे होते, आणि त्यात शब्द हरवत. (आमची त्या रात्रीची तक्रार चारशे वर्षे जुनी निघाली!) १५८१ च्या आपल्या ग्रंथात विन्चेन्झोंनी संगीतकारांना सल्ला दिला: नाटकाला जा आणि नट कसे बोलतात ते ऐका. राजा प्रजेशी कोणत्या आवाजात बोलतो, दुःखी माणूस किती सावकाश बोलतो ते टिपा. पुस्तकातल्या नियमापेक्षा प्रत्यक्ष आवाजावर भर देण्याची ही सवय आणि तारेला वजन टांगण्याची सवय एकच म्हणायला हवी. पुढच्याच वर्षी त्यांनी दान्तेच्या काव्यातला उगोलिनोचा विलाप एकट्या आवाजासाठी बांधला. ती रचना आज उपलब्ध नाही.

ग्रीक शोकांतिका अथपासून इतिपर्यंत गायली जाई, अशी फ्लॉरेन्समधल्या अनेकांची समजूत झाली होती. आज अभ्यासक तसे मानत नाहीत: वृंदाची पदे गायली जात, संवाद बहुतांशी बोलले जात. म्हणजे गृहीतक चुकीचे होते. पण त्यातून जे निघाले ते ग्रीकांकडेही नव्हते! विन्चेन्झो १५९१ मध्ये वारले. १६०० च्या ऑक्टोबरमध्ये, मारिया द मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा आंरी यांच्या विवाहोत्सवात पेरी यांचे ‘युरिदिचे’ सादर झाले. संपूर्ण उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ऑपेरा. ‘संगीत शाकुंतल’पासूनच्या आपल्या संगीत नाटकांत संवाद बोलतात आणि मधे पदे येतात. इथे साधे बोलणेही गाण्यात असते, पण ते बोलण्याच्या लयीत, खाली मोजक्या स्वरांचा आधार देऊन.

हे वाचल्यावर आम्ही मोन्तेवेर्दी यांच्या ‘ऑर्फेओ’पासून (मान्तुआ, १६०७) पुन्हा सुरुवात केली. या वेळी शब्दांचा अनुवाद हाती ठेवला. नवशिक्याने एवढे तरी करावेच. दुसऱ्या अंकात ऑर्फेओचे लग्न झालेले आहे, गाणी आणि नाच चालले आहेत. तेवढ्यात निरोप घेऊन एक मैत्रीण येते. तिच्या पहिल्याच स्वराला नाचाची लय मोडते. नवरी फुले वेचत असताना तिला साप चावला. ही बातमी ती तुटक वाक्यांत, बोलावी तशी गाते. ऑर्फेओ बराच वेळ बोलत नाही. मग सुरू करतो तेव्हा साथीला फक्त लाकडी नळ्यांचा छोटा ऑर्गन आणि एक लांब मानेचे तंतुवाद्य. ते ल्यूटच्याच कुळातले. आमच्यापैकी कोणाला इटालियन येत नव्हते, पण तो प्रसंग आम्ही त्या रात्री लागोपाठ तीनदा ऐकला.

चौघे एकदम गातात ते प्रसंग मात्र अजून आम्ही एका वेळी एकच आवाज धरून ऐकतो.