नाडीपरीक्षेचें मूळ

यवतमाळ जिल्ह्याचा केळापूर तालुका हा वऱ्हाडच्या दक्षिण शिवेवरचा मुलूख. नागपुराहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता तेथल्या पांढरकवडा गांवावरून जातो. आणि १८५३ सालच्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं येण्यापूर्वीं वऱ्हाड पुष्कळ काळ निजामाच्या अमलांत होता. अशा प्रांतांत वैद्याची नाडी व हकिमाची नब्ज हीं एकाच मनगटाचीं दोन नांवें होऊन बसलीं, ह्यांत नवल नाहीं. रोग्याचा हात हातीं घेऊन, एक अक्षर न विचारतां, रोग सांगणें हेंच वैद्याचें वैद्यपण, अशी लोकांची समजूत असते. आणि ही विद्या चरकसुश्रुतांपासून अखंड चालत आली, असेंही त्या समजुतीस जोडलेलें असतें. ह्या दुसऱ्या गोष्टीची इतिहासाच्या कसोटीवर परीक्षा केली असतां पहिलीचेंही मोल आपोआप ठरतें, असें आम्हांस वाटतें.

चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांत आज प्रचारांत असलेली नाडीपरीक्षा नाहीं. शरीरांतील स्पंदन त्यांस ठाऊक नव्हतें असें नव्हे. चरकाच्या इंद्रियस्थानांत मानेच्या शिरांचें उडणें बंद पडणें हें मरणाचें चिन्ह म्हणून सांगितलें आहे. परंतु मनगटाच्या ठोक्यांवरून दोषांचें मान काढण्याचा विधि तेथें आढळत नाहीं. सुश्रुताचा ‘नाडीव्रण’ म्हणजे नळीसारखें खोल गेलेलें क्षत. मनगटाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. वाग्भटही रोग्याची परीक्षा पाहून, स्पर्श करून व प्रश्न विचारून करावयास सांगतो.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत मनगटाची परीक्षा स्पष्टपणें येते ती शार्ङ्गधरसंहितेंत, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. अंगठ्याच्या मुळाशीं असलेली धमनी जीवाची साक्ष देते, असें सांगून शार्ङ्गधर तिच्या गतीस प्राण्यांच्या चाली लावतो: वातांत साप व जळू, पित्तांत कावळा व बेडूक, कफांत हंस व पारवा. ह्याच ग्रंथांत अफूचाही औषध म्हणून उल्लेख येतो, आणि अफू कांहीं चरकाच्या भांडारांतली नव्हे. म्हणजे शार्ङ्गधर आपल्या काळच्या नव्या गोष्टींस दार उघडें ठेवणारा ग्रंथकार होता.

आतां चीन देशाकडे वळूं. हूनान प्रांतांतील मावांगदुई येथें १९७३ सालीं जीं थडगीं उकरलीं, त्यांतील एक इसवी सनापूर्वीं १६८ ह्या वर्षीं बंद केलेलें होतें. त्यांत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे लेख निघाले, व त्यांत शरीरांतील वाहिन्यांचा विचार आहे. पुढें इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत वांग शूहो ह्यानें ‘माय चिंग’ म्हणजे नाडीशास्त्र हा स्वतंत्र ग्रंथ रचून नाडीचे २४ प्रकार वर्णिले. शार्ङ्गधराच्या पूर्वीं सुमारें हजार वर्षांची ही गोष्ट! चिनी वैद्यही तीनच बोटें ठेवतो. पण आमचा वैद्य तर्जनीखालीं वात, मध्यमेखालीं पित्त व अनामिकेखालीं कफ शोधतो, तर चिनी वैद्य प्रत्येक मनगटावरील तीन स्थानांत हृदय, यकृत, फुप्फुस इत्यादि अवयवांची हालहवाल शोधतो. आमच्याकडे पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहण्याची रीत. तिकडे दोन्ही हात पाहतात. नाडीच्या उपमाही निराळ्या: बशींत घरंगळणारे मोतीं, वाद्याची ताणलेली तार. बोटें तींच, पण तीं विचारतात तो प्रश्न वेगळा.

प्राण्यांच्या उपमा मात्र दुसरीकडे सांपडतात. दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गॅलन ह्यानें नाडीवर अनेक ग्रंथ लिहिले. तीच परंपरा इब्न सीना (९८०–१०३७) ह्याच्या ‘कानून’ ग्रंथांतून युनानी हकिमांकडे आली. त्यांच्या नाड्यांचीं नांवें हरिणासारखी, मुंगीसारखी, किड्यासारखी, उंदराच्या शेपटीसारखी अशीं आहेत. पडद्याआडच्या राणीच्या मनगटास दोरा बांधून त्यावरून रोग ओळखणाऱ्या वैद्याची कथा आमच्याकडे ऐकूं येते. तीच चीनमध्यें सातव्या शतकांतील सुन स्सिम्याव ह्या वैद्याच्या नांवावर सांगतात. विद्या चालतात त्या वाटेनें कथाही चालतात.

तेव्हां आमची नाडीपरीक्षा चीनकडून आली, हकिमांकडून आली, कीं येथेंच उपजली? विद्वानांचें ह्यांवर एकमत नाहीं. आमच्या मतें बोटांखालीं त्रिदोष शोधणें हें निर्विवाद आमचें आहे. परंतु मनगटास एवढें महत्त्व देण्याची बुद्धि शेजाऱ्यांच्या सहवासावांचून आली असेल, हें मानणें कठीण आहे. ह्यांत कमीपणा कोणता? घेतलेलें बीं आपल्या मातींत रुजवून त्यास आपलें फळ आणणें, हें जिवंत विद्येचें लक्षण आहे.

शार्ङ्गधरानंतरच्या योगरत्नाकरांत नाडीस पहिलें स्थान आहे खरें. पण तें आठांतलें पहिलें. मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि व आकृति ह्या सात परीक्षा तिच्या मागोमाग उभ्या आहेत. पुण्याच्या आनंदाश्रमानें छापलेला हा ग्रंथ हातीं घेणाऱ्यास तें पहिल्या कांहीं पानांतच दिसेल. मुक्यानें नाडी पाहून रोग सांगणें ही जनमानसानें वैद्यावर लादलेली परीक्षा आहे, आणि तिची किंमत रोगी देतो. कारण जें विचारलें गेलें नाहीं, तें त्याच्याबरोबरच घरीं जातें. वैद्याची परीक्षा पाहण्यासाठीं जो रोगी आपलें दुखणें मुद्दाम लपवितो, तो आपलाच वैरी होतो.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मुंबईची आय. आय. टी. येथील संशोधकांनीं २००७ सालीं ‘नाडीतरंगिणी’ ह्या नांवाच्या यंत्राविषयीं निबंध प्रसिद्ध केला. वात, पित्त व कफ ह्यांच्या तिन्ही जागीं दाबमापक ठेवून ठोक्यांच्या लहरी टिपाव्या, असा तो प्रयत्न. लहर टिपली गेली म्हणजे रोग सिद्ध झाला असें नव्हे. परंतु दोन वैद्यांनीं एकच मनगट पाहून एकच उत्तर दिलें कीं नाहीं, हें विचारण्याचें साधन त्यामुळें हातीं येतें. शार्ङ्गधरानें आपल्या काळीं नव्यास दार उघडलें. त्याच्या नांवानें तें लावून घेणें हा त्याचा मान नव्हे.