दोन मिनिटं कुणाची?

मागच्या व्याख्यानात आपण गिरणीच्या भोंग्याबद्दल बोललो. शेवटी एका बाईंनी विचारलं होतं, ‘सर, भोंग्यानं माणसाची झोप बदलली म्हणता, मग जेवण नाही का बदललं?’ वेळ संपली होती, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला. आज त्याच्यावरच बोलू.

पाकिटातल्या अन्नाचा विषय निघाला की आपल्याकडे गोष्ट १९८३ पासून सुरू होते. त्या वर्षी मॅगी नूडल्स भारतात आल्या, ‘दोन मिनिटं’ हा शब्द घरात शिरला, आणि मग आजकालच्या बायकांना कंटाळा फार, असं बोलणं सुरू झालं. ते अजून चालू आहे. पण मॅगी हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसाची गोष्ट शंभर वर्षं मागे जाते.

स्वित्झर्लंडमध्ये १८७७ साली कारखान्यांचा कायदा झाला. कामाचा दिवस अकरा तासांवर आणला, आणि ही त्या काळी मोठी सुधारणा होती, बरं का! कापडाच्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. अकरा तास यंत्रापुढे उभं राहून घरी आलेली बाई चुलीवर काय शिजवणार? बटाटे, पाणचट कॉफी, पाव. फ्रिडोलिन शूलर नावाचे एक डॉक्टर तिथे कारखाना-निरीक्षक होते. १८८२ साली त्यांनी हा प्रश्न एका लोकहितवादी संस्थेपुढे मांडला. कडधान्यं पौष्टिक, मांसाच्या मानानं स्वस्त, पण शिजायला वेळ फार घेतात. त्यांना लवकर शिजणारं रूप देता येईल का? ज्यूलियस मॅगी हा पिठाच्या गिरणीचा मालक. त्यानं ते काम अंगावर घेतलं आणि १८८४ च्या सुमारास कडधान्यांचं झटपट शिजणारं पीठ बाजारात आणलं. दोन वर्षांनी तयार सूप आलं. (त्याच्या जाहिराती लिहायला काही काळ फ्रांक वेडेकिंड होता, पुढे नाटककार म्हणून गाजला तोच. तरुण लेखकांनी पोट कसं भरावं हा प्रश्नही जुनाच.)

आता इथे कोकणातली जी मंडळी बसली आहेत त्यांना हसू आलं असेल. कडधान्याचं लवकर शिजणारं पीठ? ही तर आमची कुळथाची पिठी! कुळीथ भाजायचे, भरडायचे, पाखडून सालं काढायची, दळायचे. डबा भरून ठेवला की पाहुणा दारात येऊन पाय धुवेपर्यंत पिठलं तयार. भाजणी तीच, मेतकूट तेच, सातूचं पीठ तेच. प्रवासाला दशमी होती. म्हणजे ‘आयतं’ अन्न आपल्याला ठाऊक नव्हतं हे काही खरं नाही. घरोघरी होतं. त्याला लागणारा वेळ मात्र आधीच, उन्हाळ्याच्या दुपारी, कुणीतरी घालवून ठेवलेला असे. ते कुणीतरी कोण, हे काही सांगायला नको.

मुंबईचं बघा. गिरण्यांतल्या पुरुष कामगारांचा दिवस १९११ च्या कायद्यानं बारा तासांवर आणला. स्वित्झर्लंडच्या अकरा तासांना तोवर चौतीस वर्षं झाली होती. रत्नागिरीकडचा, घाटावरचा माणूस एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहायचा. त्याची बायको गावी. त्याला कोण जेवू घालणार? इथे उत्तर पाकीट नव्हतं, खाणावळ होती. गिरणगावातल्या बायका आपल्याच खोलीत पहाटे चूल पेटवून पाच-दहा जणांचे डबे करत. कामगाराचे पैसे पगाराला मिळायचे, पण बाईला किराणा रोज लागायचा. तो उधारीवर, व्याजानं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकारापासून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. प्रश्न एकच होता. तिकडे वेळ विकत घेतला यंत्रानं केलेल्या पिठाच्या रूपात, इकडे दुसऱ्या बाईच्या पहाटेच्या रूपात. दुसरं उत्तर अधिक माणुसकीचं होतं असं मी पूर्वी म्हणत असे. त्या बाईला विचारून नव्हतो म्हणत.

नूडल्सची कथा थोडक्यात सांगतो. युद्धानंतरच्या जपानमध्ये अन्नटंचाई होती. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली तेलात तळून वाळवलेल्या नूडल्स काढल्या. तळताना आतलं पाणी वाफ होऊन जातं, बारीक छिद्रं राहतात, आणि गरम पाणी घातलं की ते त्या छिद्रांतून आत शिरतं. युक्ती सुंदर आहे. पण तेल आतच राहतं, आणि चव बरीचशी मसाल्याच्या पुडीतल्या मिठाची असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, मग हिशेब ज्याचा त्यानं करावा.

आता थोडं स्वतःचं. नोकरीत असताना मी ‘सोय आणि सद्गुण’ असं एक व्याख्यान द्यायचो. त्यात पाकिटांवर सडकून टीका होती आणि कुळथाच्या पिठीचं कौतुक. एकदा आमच्या मंडळी पहिल्या रांगेत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, ‘अहो, छान बोललात. पिठी संपलीय. उद्या रविवार आहे, कुळीथ तुम्ही भाजा.’ मी भाजले. अर्धे करपले, अर्धे कच्चे. ‘कळायचं कसं?’ म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘वास बदलतो ना.’ एवढंच. ते व्याख्यान मी पुन्हा दिलं नाही.

त्या जाऊन आता सहा वर्षं झाली. मी एकटा असतो, वेळ भरपूर आहे, आणि तरी आठवड्यातून तीनदा पाकीट फोडतो. मला खटकतं ते हेच. अकरा तास उभ्या राहिलेल्या बाईसाठी जी वस्तू निघाली, ती घाई नसलेला माणूस घाईनं खातो. वाचलेल्या वेळाचं मी काय करतो? टीव्ही बघतो. कष्ट करून थकलेल्या माणसाच्या हातातलं पाकीट आणि माझ्या हातातलं पाकीट ही वस्तू एक असली तरी कृती एक नव्हे. टीका करायची तर आधी पाकीट कुणाच्या हातात आहे ते बघावं लागेल.

गेल्या महिन्यात अर्धा किलो कुळीथ आणले. दोनदा भाजून पाहिले. दुसऱ्या वेळी वास थोडा बदलल्यासारखा वाटला, पण तोच का, हे विचारायला कुणी नव्हतं. पिठलं जरा कडवट झालं. खाल्लं.

चहा यायला दहा मिनिटं आहेत. तोवर प्रश्न घेऊ. त्या मागच्या वेळच्या बाई आल्या आहेत का?