पाखाडीच्या तोंडचा क्रूस

सकाळी साडेआठच्या सुमारास मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरलेली गर्दी ऑफिसांकडे धावत असते. त्याच वेळी गावठाणातल्या पाखाडीच्या, म्हणजे गल्लीतल्या वस्तीच्या, तोंडाशी कोणीतरी क्षणभर थांबतं. तिथे कमरेएवढा चौथरा असतो, चौथऱ्याच्या पोटात मेणबत्तीसाठी कोनाडा, वर चुन्याने नाहीतर ऑइल पेंटने रंगवलेला क्रूस आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. थांबलेला माणूस कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावतो, किंवा नुसतेच हात जोडतो. मी हात जोडणाऱ्यांपैकी.

अंधेरी, वांद्रे, वाकोला, कालिना, कुर्ला इथल्या जुन्या वस्त्यांत असे कितीतरी क्रूस उभे आहेत. कधीचे म्हणून विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, ‘प्लेगच्या वेळचा.’ सगळेच तसे नाहीत. काही घराण्याचे आहेत, काही जुन्या हद्दीचे, काही कोणा एकाच्या फेडलेल्या नवसाचे. तरीही लोकांच्या तोंडी प्लेगच येतो. या वस्त्यांनी आपली सगळ्यात मोठी आठवण या दगडाशी बांधून ठेवली आहे, आणि ती तिथे कशी आली हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

या क्रुसाचा पहिला पूर्वज गरिबाघरचा नव्हता. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि त्यासोबत साष्टी बेटही गेलं. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. आजची बरीचशी उपनगरं तीच. बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यांत गेलात तर कातळावर कोरलेला मोठा क्रूस दिसतो. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी ही लेणी घेतली, तेव्हाचा तो. त्याच्यासमोर उभं राहिलं की मला अस्वस्थ व्हायला होतं, आणि ते लपवायचं कारण नाही. कोणाच्या तरी देवावर कोरलेला तो राज्यकर्त्यांचा शिक्का आहे. दुःखी माणसाने डोकं टेकवावं म्हणून तो कोरलेला नाही.

वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातला क्रूसही पोर्तुगीज काळातला, पण त्याचा सूर वेगळा आहे. एका अखंड दगडातून घडवलेला, १७ फूट उंच. त्यावर ख्रिस्ताच्या यातनांची हत्यारं कोरली आहेत: खिळे, हातोडा, शिडी, काट्यांचा मुकुट. हा जेझुइटांच्या विद्यालयातला क्रूस, पुढे ते विद्यालय राहिलं नाही आणि दगड इथे आला. वाचता न येणाऱ्या माणसालाही ही हत्यारं कळतात. सुतार, लोहार, ताडी काढणारा यांच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तू त्या. शिडी पाहिली की कोणाला तरी चढवलं आणि कोणी तरी उतरवलं, हे सांगायला पाद्री लागत नाही.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. फिरंगी सत्ता गेली, तिच्यासोबत युरोपीय पाद्रीही गेले. मागे राहिले ते इथले कोळी, कुणबी, आगरी, भंडारी, ज्यांच्या कितीतरी पिढ्या आता क्रुसासमोर प्रार्थना करत होत्या आणि बोलत होत्या मराठीतच. मला वाटतं, क्रुसाचा खरा जन्म इथे झाला. त्याच्यामागे आता ना किल्ला होता ना गव्हर्नर. तो टिकला, कारण गावाला तो हवा होता. याच लोकांनी पुढे १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. त्यांच्या घरांतली मराठी आजही ऐकायला गोड लागते.

मरोळजवळच्या कोंडिविट्यात १५७९ चं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च होतं. १८४० मध्ये तिथे साथ आली. गावाने तेव्हा काय केलं? गाव उठलं. पाद्र्यांनी मूर्ती आणि सामान घेऊन मरोळला नवं चर्च मांडलं आणि जुन्यावर रान वाढलं. १९७३ मध्ये त्या परिसरात निर्यातीसाठीचा ‘सीप्झ’ हा उद्योगपट्टा वसला. आज कुंपणाच्या आत, संगणकाच्या आणि हिऱ्यांच्या कंपन्यांमध्ये, छप्पर नसलेल्या त्या भिंती उभ्या आहेत. साथीला द्यायचं हे जुनं उत्तर होतं: जागा सोडा, देव बरोबर घ्या.

१८९६ साली ते उत्तर चालेना. सप्टेंबरमध्ये मुंबईतल्या मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या गाठी पाहून गाठीचा प्लेग ओळखला. बंदराचं शहर हादरलं. लाखो लोक गावाकडे पळाले; १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. पळणाऱ्यांपैकी बरेच साष्टीतच आले आणि त्यांच्या मागून साथही आली. साष्टीच्या माणसाने आता कुठे जायचं? रेल्वे स्टेशनांवर तपासणी, घराघरात झडत्या, रुग्ण सापडला की त्याला उचलून इस्पितळात आणि बाकी कुटुंबाला छावणीत. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही लोकांची भीती पोकळ नव्हती.

आणि कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. संशोधक हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, पण लशीवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. तेही मान्य व्हायला पुढची काही वर्षं गेली. तोवर सरकार गटारं धूत होतं, भिंतींना चुना फासत होतं. शिकलेल्या डॉक्टरापासून झावळ्या विणणाऱ्या बाईपर्यंत सगळे सारखेच अंधारात.

त्या अंधारात पाखाड्यांच्या तोंडाशी क्रूस उभे राहू लागले.

तोंडाशीच का? याचं एक उत्तर दूरच्या मिलान शहरात आहे. तिथे १५७६ मध्ये प्लेग आला तेव्हा लोकांना घरात कोंडून ठेवलं होतं. आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी चौकाचौकात क्रूस आणि वेद्या उभारल्या, म्हणजे खिडकीत उभं राहून लोकांना मिस्सा ऐकता यावी. चर्चला जाता येत नाही, तर चर्च नाक्यावर. पण आपल्या पाखाडीला मिलानची गरज होती असं मला वाटत नाही. दुसरं उत्तर शेजारीच होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेवर नेऊन सोडत. संकट येतं ते वेशीतून, म्हणून देवाला गाठायचं तेही वेशीवर. पाखाडीचं तोंड म्हणजे त्या वस्तीची वेसच. ज्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी शिवेवर नारळ फोडले होते, त्यांनी तिथेच क्रूस रोवला. एवढ्या काळात देव बदलला होता, जागा नाही.

आपल्याकडे याला शब्दही आहे: साकडं घालणं. साकडं म्हणजे अडचण, कोंडी. आपली कोंडी उचलून देवासमोर ठेवायची, आता तू बघ म्हणायचं. ही मागणी विनवणीपेक्षा जड आहे. साकडं घालणारा देवाला आपल्या संकटात ओढतो, त्याला मोकळं सोडत नाही.

क्रुसावर कोरलेल्या सालाकडे नीट पाहावं. साथ सरल्यावर कृतज्ञता म्हणून बांधलेलं स्मारक शेवटचं साल सांगतं. पण ज्यांनी साथीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी क्रूस बांधला, त्यांना शेवट दिसतच नव्हता. प्लेग एका वर्षात गेला नाही. थंडी आली की तो परत यायचा, मार्च-एप्रिलमध्ये टोकाला जायचा, उन्हाळा चढला की ओसरायचा, आणि पुन्हा थंडी. १९०० नंतरही कितीतरी वर्षं हे चालू राहिलं. त्याला हंगाम होता, भातासारखा. म्हणजे क्रूस बांधणाऱ्यांनी त्याच क्रुसासमोर पुढच्या हंगामातली मयतंही पाहिली. बांधल्यानंतरही माणसं गेली आणि तरी कोणी तो उपटला नाही. माझं मन या गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतं. मागितलं ते मिळालं म्हणून विश्वास ठेवणं समजतं. या लोकांना मिळालं नव्हतं, निदान त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. संध्याकाळी दिवा मात्र लागत राहिला.

क्रुसाची लदाईन आजही मे महिन्यात होते. लॅटिन, पोर्तुगीज आणि मराठीतून घरंगळत आलेली ही प्रार्थना. ३ मे हा पूर्वी पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता. १९६० मध्ये रोमने तो पंचांगातून काढला, गावठाणांनी नाही. मे म्हणजे प्लेग ओसरायचा महिना. त्या काळी लदाईन म्हणायला जमलेल्यांनी एकमेकांकडे पाहून यंदाच्या हंगामातून कोण कोण वाचलं हे मोजलं असेल, असं मला वाटतं. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटतात. चणे घ्यायला शेजारचे सगळेच येतात, कुठल्याही देवाचे.

देवासाठी कोरलेल्या सालाला पुढे वेगळंच काम लागलं. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामं होऊ न देण्याचा आणि जुन्यांचा आढावा घेण्याचा आदेश दिला. आदेश सगळ्या धर्मांना होता आणि रस्त्यांची दशा पाहता गरजेचाही. पण त्यामुळे प्रत्येक क्रुसाला आपलं वय सिद्ध करावं लागलं. सातबारा, जुने नकाशे, चर्चची दप्तरं शोधली गेली. २०१७ च्या एप्रिलअखेर वांद्र्याच्या बाजार रोडवरचा शंभराहून अधिक वर्षांचा क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा जमलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं. पणजोबांनी ज्याच्यावर भार टाकला त्याचे कागद पणतवंडं शोधत होती.

मग २०२० आलं. १८९७ चाच साथीचा कायदा पुन्हा लागू झाला. मार्चमध्ये देवळं, मशिदी, चर्चं बंद झाली; महाराष्ट्रात ती उघडली १६ नोव्हेंबरला, दुसऱ्या लाटेत परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्या काळात मेची लदाईन झाली नाही. पण पाखाडीच्या तोंडच्या क्रुसाला दारच नव्हतं, तो बंद कसा करणार? दुधाची पिशवी आणायला निघालेली माणसं मास्क लावून त्याच्यासमोर उभी राहत, एक जाऊ लागला की दुसरा पुढे सरके. बोरोमेओने मुद्दाम केलेली सोय इथे सव्वाशे वर्षं तयारच होती. ऑक्सिजनसाठी रात्रभर फोन करून थकलेल्या एका बाईला मी त्या चौथऱ्यावर हात ठेवून उभी पाहिली. ओठ हलत नव्हते. बराच वेळ ती तशीच होती, मग पिशवी उचलून घरी गेली.

लदाईन आता पुन्हा होते. एप्रिलच्या शेवटी मुलं क्रुसाला रंग काढतात. चौथऱ्यावरचं साल आधी पांढऱ्यात बुडतं, मग कोणीतरी गुडघे टेकून बारीक ब्रशने आकडे काळ्याने पुन्हा भरतं. इतक्या वर्षांच्या थरांनी ते फुगले आहेत, 6 आता जवळजवळ 8 सारखा दिसतो. भरणारा बोटाने चाचपतो, खालची मूळ खाच सापडली की तिच्यावरूनच ब्रश फिरवतो.