आगंतुकाशी पहिला शब्द : मावळातील लेण्यांच्या साक्षीने

अनोळखी मनुष्य समोर आला असता त्याच्याशी पहिला शब्द कोणता बोलावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या समाजात पहिल्या दोन-चार वाक्यांतच समोरच्याची जात शोधली जाते, तेथे हा प्रश्न शिष्टाचारापुरता राहत नाही. पुणे-लोणावळा लोकलमध्ये शेजारी बसलेला प्रवासी आधी गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि त्यानेही उलगडा झाला नाही तर गावात घर कोणत्या बाजूला, असे विचारतो. हा तिसरा प्रश्न येण्यापूर्वीच खिडकीबाहेर पाहू लागण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना जडली आहे. ‘परक्या माणसाशी काय बोलावे ते सुचत नाही’ असे आपली मुले म्हणतात, तेव्हा तो निव्वळ बुजरेपणा नसतो. त्यामागे इतिहास असतो. मात्र तेवढाच आपला इतिहास नव्हे. याच लोहमार्गावर मळवली स्थानकाच्या एका अंगास भाजे व दुसऱ्या अंगास कार्ले येथील लेणी आहेत. तेथे आपणांस निराळी परंपरा आढळते.

कार्ले येथील सुमारे ३८ मीटर लांबीचे चैत्यगृह कोणा एका राजाने खोदविलेले नाही. तेथील दानलेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, सोपाऱ्याचा भाणक आहे, धेनुकाकट येथील सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, तेथीलच सामी नावाचा सुतार आहे आणि अनेक यवनही आहेत. स्तंभांवरील व द्वारांवरील या छोट्या लेखांत दाता आपली ओळख सांगतो ती गावाने, व्यवसायाने, माता-पित्याच्या नावाने. नहपानाचा जावई उषवदात याने येथील, म्हणजे वलूरक लेण्यांतील, वर्षावासासाठी येणाऱ्या चारी दिशांच्या प्रव्रजितांना करजिक गाव दान दिले. पुढे त्याच गावासंबंधी सातवाहन राजाने ‘मामाल’ येथील अमात्यास आज्ञा दिली. हे मामाल म्हणजेच आजचे मावळ होय, असे अभ्यासक मानतात. बोरघाटाच्या माथ्यावरील हा प्रदेश अशा रीतीने परस्परांना अपरिचित असलेल्या माणसांचा मेळा होता.

असे अपरिचित भिक्खू एकत्र आले असता त्यांनी कसे वागावे, हे विनयपिटकाने बारकाईने सांगितले आहे. चुल्लवग्गातील आगंतुकवत्तानुसार येणाऱ्याने विहारात शिरताना पादत्राणे काढावीत, पिण्याचे पाणी कोठे आहे, निवासाची जागा कोणती, भिक्षेसाठी कोणत्या बाजूस जावे हे विचारावे. आवासिक भिक्खूने ज्येष्ठ आगंतुकास आसन मांडून द्यावे, पाय धुण्यास पाणी द्यावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर हाती घ्यावे. ज्येष्ठता ठरवावयाची ती उपसंपदेनंतरच्या वर्षावासांवरून, कुळावरून नव्हे. उपाली नापिताला शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, म्हणून त्या कुमारांना त्याला वंदन करावे लागले. स्वतः तथागतही दुरून आलेल्या भिक्खूंची आस्थेने विचारपूस करीत. प्रकृती ठीक आहे ना, प्रवासात फार शीण झाला नाही ना, कोठून आलात, असे ते विचारीत. सुत्तपिटकातही कोणी भगवंतांस भेटावयास आला की प्रथम ‘सम्मोदनीय कथा’ होते, म्हणजे परस्परांना प्रसन्न करणारे चार शब्द बोलले जातात. धम्माची चर्चा त्यानंतर सुरू होते.

येथे एक शंका उपस्थित होईल. राजे, चोर, अन्न, पेय, गावगप्पा यांविषयीच्या निरर्थक बडबडीला तथागतांनी ‘तिरच्छानकथा’ म्हणून त्याज्य ठरविले, मग या औपचारिक बोलण्याला स्थान कसे? याचे उत्तर चुल्लवग्गातीलच एका प्रसंगात आहे. देशना चालू असता भगवंतांस शिंक आली आणि भिक्खूंनी ‘दीर्घायू व्हा’ असा मोठा गलबला केला. असे म्हटल्याने कोणी जगतो वा मरतो काय, असे विचारून भगवंतांनी ती प्रथा बंद केली. परंतु पुढे गृहस्थांच्या अशा सदिच्छेला भिक्खू उत्तर देईनात, तेव्हा लोक नाराज झाले. मग गृहस्थांना प्रत्युत्तर देण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली. अंधश्रद्धा नाकारावी, पण तिच्या आडून माणसाचा अनादर करू नये, हा त्यातील विवेक आहे.

ही परंपरा लोपल्यावर काय उरले, ते बाबासाहेबांच्या आठवणींतून कळते. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी निघालेली ती मुले मसूर स्थानकावर उतरली. त्यांचा नीटनेटका पोशाख पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला बाल भीमरावाने खरे उत्तर दिले, आणि त्या गृहस्थाचा चेहरा पालटला. विचारपूस तीच, विचारणारा तोच. परंतु तिच्या शेवटी जात दडलेली होती. हा वृत्तान्त १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाला. ब्राह्मणाने जात विचारली असता जन्म विचारू नको, आचरण विचार, असे सुंदरिका नदीच्या तीरावर सांगणाऱ्या बुद्धाकडे बाबासाहेब का वळले, हे त्यावरून उमजते.

बाबासाहेबांचे तळेगाव दाभाडे येथील निवासस्थान मावळातच आहे. तेथून जवळच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यांच्या चळवळीने लाचारीचा ‘जोहार’ टाकून दिला आणि ‘जय भीम’ हे ताठ मानेचे अभिवादन स्वीकारले. मात्र ‘जय भीम’ आपण आपल्या माणसालाच घालतो. जो आपला आहे की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याशी बोलावयास आपण अजून शिकावयाचे आहे.

लेणी पाहावयास दर रविवारी कितीतरी अनोळखी माणसे मळवलीला उतरतात. त्यांना वाट सांगावी, पाणी विचारावे, प्रवास कसा झाला ते पुसावे. आडनाव मात्र विचारू नये. आपल्याला कोणी विचारलेच, तर भिऊन मान खाली घालू नये. गाव सांगावे, व्यवसाय सांगावा, आणि आपण बौद्ध आहोत हेही सांगावे. कार्ल्याच्या स्तंभांवर दोन हजार वर्षांपूर्वी सुताराने, व्यापाऱ्याने आणि यवनाने आपली ओळख अशीच कोरून ठेवली आहे.